भोपळ्याच्या पोटात चिमणीचे घर

खासबाग, वडगाव, शहापूर ही बेळगावची विणकरांची उपनगरे. येथील कौलारू घरांत मागांच्या खटखटाटाला चिमण्यांच्या चिवचिवाटाची साथ असे. चिमणी उघड्या फांदीवर सहसा घरटे बांधत नाही. तिला वळचण, वाशांमधली फट किंवा भिंतीतले भोक लागते. कौले उतरून स्लॅब पडला की या जागा बुजतात. मग अंगणात दाणे टाकले तरी अंडी घालायची कोठे, हा प्रश्न उरतोच.

२०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांची ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ त्यामागे आहे. त्या निमित्ताने अनेक जण पुठ्ठ्याची घरटी टांगतात. पहिल्याच वळवात त्यांचा लगदा होतो. त्यापेक्षा परसातला भोपळा बरा.

वेलीवरच जून झालेला दुधी भोपळा देठ सुकल्यावर तोडावा व हवेशीर जागी वाळू द्यावा. यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की कवच तयार झाले. मिरजेत तंबोऱ्यासाठी वापरतात तो भोपळाही याच जातकुळीचा. अमेरिकेच्या पूर्व भागात भिंगरीच्या कुळातल्या पर्पल मार्टिन पक्ष्यासाठी असेच पोकळ भोपळे टांगण्याची प्रथा तेथील मूळ रहिवाशांपासून चालत आली आहे.

खरी मेख भोकात आहे. त्याचा व्यास ३२ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा असावा. भोक याहून बरेच मोठे झाले तर साळुंकी घर बळकावते. भोक तळापासून वर, भोपळ्याच्या पोटाच्या वरच्या भागात पाडावे. आतला गर खरवडताना भोपळा भिजवून घ्यावा. कोरडी धूळ छातीला त्रास देते. तळाला पाणी निथळण्यासाठी चार-पाच बारीक छिद्रे ठेवावीत. बाहेर दांडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती बसायला सोयीची होते. रंगही नको.

भोपळा नसेल तर जाड कळकाचे एक पेर चालते. खालची गाठ आयताच तळ होते, वर कौलाचा तुकडा बांधावा. नारळाची करवंटी शोभिवंत दिसते, पण चार पिलांना ती अपुरी पडते. तिच्यात पाणी ठेवावे.

घरटे आठ-दहा फूट उंचीवर, मांजर पोहोचणार नाही असे, छपराखाली बांधावे. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येचा. म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावे.

खासबागेत एक काळजी अधिक घ्यावी लागेल. मागाखाली पडलेले नायलॉनचे, रेशमाचे लांब धागे चिमण्या हौसेने उचलतात. ते पिलांच्या पायांत गुंततात आणि पाय निकामी होतात. असे धागे बंद पिशवीत टाकावेत. अंगणात सुके गवत आणि काथ्याचे बोटभर तुकडे ठेवावेत. अंड्यांतून पिले साधारण बारा दिवसांत बाहेर येतात व पुढे दोन आठवड्यांत उडतात. तोवर घरटे उघडून पाहू नये. पिलांना अळ्या-किडे लागतात, तेव्हा परसात औषध फवारणेही या काळात थांबवावे. पिले उडून गेली की जुने गवत काढून टाकावे. त्याच हंगामात जोडी पुन्हा अंडी घालू शकते.