लिनक्स घरोघरी जायचं तर

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक जुन्यात जमा झाले. लिनक्स मिंट, उबुंटू अशा मुक्त प्रणालींना घराघरांत शिरायला याहून चांगली संधी नाही. पण त्यांचे प्रचारक अजूनही ‘फुकट आहे, सुरक्षित आहे, सोर्स कोड खुला आहे’ एवढंच सांगतात आणि तिथेच गाडी अडते. आपल्याकडे विंडोजची किंमत एकतर लॅपटॉपच्या किमतीत मुरलेली असते, नाहीतर कुणीतरी पायरेटेड कॉपी टाकून दिलेली असते. मग फुकटचं अप्रूप कुणाला? मुळात लोक ऑपरेटिंग सिस्टिम निवडतच नाहीत. ते यंत्र घेतात, आणि अडलं तर विचारायचं कुणाला, एवढं पाहतात.

उबुंटू 2004 मध्ये आली. पुढे 2011 पर्यंत मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने तिच्या सीडी जगभर मोफत, पोस्टाने पाठवल्या. नाव झालं, पण घरच्या संगणकावर विंडोजच राहिलं. याउलट अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे हे ठाऊक नसतानाही कोट्यवधी भारतीय तो रोज वापरतात, कारण तो फोनसोबतच येतो. यावर कुणी म्हणेल, असूसचा ईई पीसी हा छोटा लॅपटॉप, म्हणजे नेटबुक, 2007 मध्ये लिनक्ससहच आला होता, खपलाही होता. मग पुढे त्या बाजारात विंडोजने बाजी कशी मारली? मायक्रोसॉफ्टने अशा यंत्रांसाठी विंडोज एक्सपीच्या विक्रीची मुदत वाढवली, हे एक कारण. दुसरं अधिक बोचरं आहे. लिनक्सवाले नेटबुक विंडोजवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत येतात, असं एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्याने 2008 मध्ये सांगितलं. खोका उघडेपर्यंत आत काय आहे याची गिऱ्हाइकाला कल्पनाच नसे, आणि नवं शिकायची त्याची तयारी नसे. केरळच्या सरकारी शाळांनी नेमकी हीच बाजू सांभाळली. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच घेतली. तिथे लिनक्स टिकलं.

म्हणून प्रचाराची सुरुवात ‘काय चालत नाही’ इथून व्हायला हवी. टॅलीवर हिशेब ठेवणारा दुकानदार, श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर पत्रिका जुळवणारा डीटीपीवाला यांना आज लिनक्सकडे ओढू नये. उणिवा आधीच सांगितल्या तर माणूस बिचकेल, हा आक्षेप मला पटत नाही. एमएसआयचा माल परत आला तो न सांगितल्यामुळे. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ आणि युनिकोड मराठी टायपिंगवर भागतं, त्यांना गाठावं. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतं. वाय-फाय लागतं का, प्रिंटर छापतो का, हे तिथल्या तिथे कळतं. गावोगावच्या कॉलेजांतल्या संगणकप्रेमी मुलांनी वाचनालयात बसून लोकांना एवढं करून दाखवावं आणि पुढच्या अडचणींसाठी आपला फोन नंबर द्यावा. वाचकांना एकच सांगणं: इन्स्टॉल करायचं ठरलंच, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.