व्यापारविद्या : एक वर्षाची की दोन वर्षांची?

मध्यम स्थितीतील घरांतून अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी चारपाच वर्षे बऱ्या नोकरीत असते आणि आता तिला एम. बी. ए. व्हावयाचे असते. घरातले कोणी म्हणते, ‘दोन वर्षांचाच अभ्यासक्रम खरा, वर्षभरात काय शिकून होणार?’ दुसरे विचारते, ‘एका वर्षात तीच पदवी मिळत असेल, तर दुसरे वर्ष का घालवावे?’ या वादात घरावरचे कर्ज आणि उमेदीची वर्षे गुंतलेली असतात. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम ही दोन वर्षे आली कोठून, हे पाहू. अमेरिकेत डार्टमथ येथे १९०० साली आणि हार्वर्ड येथे १९०८ साली पदव्युत्तर व्यापारशिक्षण सुरू झाले. त्यातून दोन वर्षांचा साचा रुळला. पहिल्या वर्षी हिशेब, भांडवल, विक्री, उत्पादन असे पायाचे विषय शिकावयाचे आणि दुसऱ्या वर्षी आपल्या निवडीचे. १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था निघाली ती हार्वर्डच्याच साहाय्याने. साहजिकच दोन वर्षांची पद्धत आपल्याकडेही आली.

पण गंमत अशी, की याच हार्वर्डमधील एक प्राध्यापक, जन्माने फ्रेंच असलेले जॉर्ज दोरियो, यांच्या पुढाकाराने १९५७ साली फ्रान्समध्ये फाँतेन्ब्लो येथे ‘इन्सियाड’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिने हा अभ्यासक्रम एका वर्षाच्या आत बसविला! आपल्याकडे हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने २००१ साली वर्षाचाच मार्ग धरला. पुढे २००६ साली खुद्द अहमदाबादच्या संस्थेने जुना अभ्यासक्रम तसाच ठेवून अनुभवी लोकांसाठी वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम काढला. एकाच छपराखाली दोन्ही नांदतात, यावरून एक खरा आणि दुसरा खोटा असे म्हणता येणार नाही, हे उघड आहे.

मग वर्ष वाचते ते कशातून? पायाचे विषय गाळून नव्हे. सुट्ट्या कमी होतात, ऐच्छिक विषय थोडे घेता येतात, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत करावयाची उमेदवारी बहुधा नाहीशी होते. ही उमेदवारी किरकोळ गोष्ट नव्हे. कारखान्यातील अभियंत्यास बँकेत जावयाचे असेल, तर नव्या क्षेत्रात पाऊल टाकून पाहण्याची संधी त्याला तेथेच मिळते. मालकालाही माणूस पारखता येतो. पुष्कळांना कायमची नोकरी त्यातूनच लाभते.

आता दुसरी बाजू. दरमहा साठ हजार रुपये मिळविणाऱ्याने एक वर्ष अधिक घालविले, तर ७ लाख २० हजारांचे वेतन बुडते. त्यावर त्या वर्षाची फी, राहण्याजेवण्याचा खर्च आणि कर्जाचे व्याज. लोक फी तेवढी मोजतात, बुडालेला पगार मोजत नाहीत. आमच्या मते हिशेबातील मोठी चूक हीच.

तेव्हा निर्णय मुदतीवरून नव्हे, विद्यार्थ्यावरून करावा. ज्याने चारसहा वर्षे काम केले आहे आणि त्याच क्षेत्रात वरच्या पायरीवर जावयाचे आहे, त्याला एक वर्ष पुरे. त्याची उमेदवारी नोकरीतच झालेली असते. जो नुकता पदवीधर झाला आहे, किंवा ज्याला क्षेत्रच बदलावयाचे आहे, त्याने घाई करू नये. त्याचे दुसरे वर्ष वाया जात नाही. तेच त्याचा अनुभव होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास एक वर्षाच्या आणि तीन वर्षांची घेणाऱ्यास दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची मुभा आहे. तत्त्व तेच : आधीची शिदोरी किती, यावर पुढचा प्रवास.

आईबापांना आमची एवढीच विनंती, की ‘शेजारच्याने कोणता कोर्स केला?’ हे विचारण्यापूर्वी आपल्या मुलाला विचारावे, ‘बाबा रे, तुला चढावयाचे आहे की वळावयाचे?’ चढणाऱ्यास एक वर्ष बहुधा पुरते. वळणाऱ्यास वेळ द्यावा लागतो. या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की कर्जाच्या अर्जावर सही करताना हात कापणार नाही.