सेल्फ मारतो, पण गाडी चालू होत नाही!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा एक जुनी पेट्रोलची गाडी चालवतात. घर आणि माझे शिक्षण दोन्ही तिच्यावरच. गेल्या श्रावणात एका सकाळी तिने दगा दिला. किल्ली फिरवली की सेल्फ मारायचा, इंजिन फिरायचे, पण चालू होईना. एका मिस्त्रीने बॅटरी बदलली, मग प्लग बदलले. माझ्या परीक्षा-फीसाठी ठेवलेले पैसे संपले. गाडी जागच्या जागी!

संध्याकाळी मामा आले. शिक्षण सातवीपर्यंत, पण सारे आयुष्य गॅरेजात गेलेले. म्हणाले, "सेल्फ जोरात फिरतोय, मग बॅटरीचा काय दोष? आधी विचार, मग पाना!"

मग त्यांनी मला समजावून सांगितले. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. यांपैकी काय कमी आहे, ते एकेक करून पाहायचे. इंजिन नेहमीपेक्षा हलके, सुसाट फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा व पुन्हा सेल्फ मारू नये. व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. तसे नसेल तर सेल्फ मारून झाल्यावर प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी तपासावी. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही.

आमचा प्लग कोरडा निघाला. टाकीत पेट्रोल तर होते! मामांनी मला मागच्या सीटला कान लावायला सांगितले आणि सेल्फ न मारता नुसती किल्ली चालू केली. टाकीतला पंप क्षणभर गुणगुणायला हवा, आवाज नाही. फ्यूज शाबूत होता. तेव्हा त्यांनी पंपाचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा, त्याच नमुन्याचा रिले बसवला. पंप गुणगुणला आणि गाडी चालू झाली! दोष होता काड्यापेटीहून लहान अशा एका रिलेत.

मिलने १८४३ साली मांडलेली व्यतिरेकपद्धती मी तर्कशास्त्राच्या तासाला पाठ केली होती : बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, परिणाम बदलला तर कारण तिथेच शोधावे. मामांनी मिलचे नावही ऐकलेले नाही.

फी आबांनी उसनवारीने भरली. दोन वर्षे मी घरी पुस्तकातले सांगत होते आणि सारे कौतुकाने ऐकत होते. त्या संध्याकाळी प्रथमच मी ऐकत बसले.