जुन्या तबकड्या व संग्राहकांचें मंडळ

भूमींतून निघालेली वस्तु तिचा थर व भोंवतालचे अवशेष यांच्या नोंदीवांचून मुकी असते, हें संशोधकांस सांगणें नको. गेल्या शतकांतील यंत्रांसही तोच नियम लागू पडतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही ग्रामोफोन व त्याच्या तबकड्या यांचें उदाहरण घेतों.

हिंदुस्थानांत तबकड्यांसाठीं पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास झालें. मूळ मुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात व तेथून तबकड्या तयार होऊन येत. १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला. आरंभींच्या तबकड्यांवर गाणें संपतांच गायिका आपलें नांव उच्चारते, तें या दूरच्या कारागिरांस ओळख पटावी म्हणून. तबकडीचा एक मुख्य घटक लाख; ती आमच्या झाडीपट्टींतील पळसांवरही होते.

आतां प्रश्न असा कीं, यंत्र व तबकडी हातीं आली म्हणजे इतिहास हातीं आला काय? आमच्या मतें नाहीं. या तबकड्या मिनिटास ७८ फेरे घेतात असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आरंभीं हा वेग नेमका तेवढाच नसे. वेग वाढविला कीं स्वर चढतो, कमी केला कीं उतरतो. अर्थात् गायकाची पट्टी व लय यांविषयींचें आपलें अनुमान यंत्राचा वेग कसा लावला यावर अवलंबून राहतें. तसेंच कागदी चिठ्ठीवरील क्रमांक विक्रीचा. मुद्रणाचा क्रम कळतो तो तबकडीच्या अंगावर उमटलेल्या दुसऱ्या अंकावरून. एका संग्राहकाजवळ असे अंक थोडेच असतात. पुष्कळांचे एकत्र मांडले, म्हणजे मुद्रणाचा काळ व स्थळ यांचा माग लागतो.

हें कार्य १९९० सालीं मुंबईस स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या मंडळानें अंगावर घेतलें. डॉ. सुरेश चांदवणकर यांनीं त्याचें चिटणीसपद सांभाळलें. मंडळाच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकांतून तबकड्यांच्या याद्या व कलावंतांचे परिचय प्रसिद्ध झाले. याच वर्तुळांतील मायकेल किनिअर यांची १८९९ ते १९०८ पर्यंतच्या मुद्रणांची सूचि १९९४ सालीं मुंबईस छापली गेली.

कोणी म्हणेल, हा तर निव्वळ षोक! षोक खराच, पण यंत्राची स्प्रिंग बसविणारा व अभ्रकाचा पडदा बदलणारा कारागीर गेला कीं त्याची विद्याही जाते. ती लिहून ठेवणारे बहुधा हे षोकीच असतात. आमच्या पवनीस जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननांत जो स्तूप उघडकीस आला, तेथील शिळांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें आहेत. एकेकाचें दान लहान. स्तूप मात्र सर्वांचा. संग्राहकांच्या मंडळाचेंही तसेंच आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच: घरांतील जुनी तबकडी भंगारांत देण्यापूर्वीं तिच्यावरील दोन्ही अंक, गाण्याचें व गायकाचें नांव, आणि ती घरीं कशी आली, हें एका कागदावर टिपून जाणत्याकडे पाठवावें. तबकडी फुटेल, टिपण राहील.