निलगिरीची घाई नको
गेल्या रविवारी गावाहून बाबांचा फोन आला : "बांधावरची निलगिरी सहा वर्षांची झाली. नव्या घराच्या चौकटींसाठी तोडू का? सुतार उद्या येतोय."

मी मेलबर्नला सॉफ्टवेअरवाला. पण इथे व्हिक्टोरियात निलगिरीची शेतीच आहे. 'ब्लू गम' साधारण 10 ते 15 वर्षांत तोडतात आणि तुकडे करून पोर्टलंड बंदरातून कागदासाठी जपान-चीनला पाठवतात. कोवळ्या खोडात वाढीचा ताण असतो. कापलं की टोकं तडकतात, वाळताना फळी आकसते, पिळते. गाभ्याजवळचं लाकूड तर हलकं, कमकुवत.

म्हटलं, "बाबा, चौकटींना सागच घ्या. निलगिरी सेंट्रिंगच्या बल्ल्यांना नाहीतर कागद गिरणीला द्या."

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं. सुताराला नको येऊ म्हणून कळवतो."