तुमच्या दाराचा आकडा किती?

पंचगंगा किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात कोल्हापुरातलं शाळकरी पोरगंही सांगतं. पण त्या आकड्याचा आपल्या गल्लीशी, आपल्या रूमशी नेमका संबंध काय? पुरासोबत राहायला शिकलेल्या शहराकडून घ्यायचा हा एक धडा.

जुलै उजाडला की कोल्हापुरात ‘किती झालं?’ एवढंच विचारायचं असतं. कशाचं, ते सांगावं लागत नाही. चहाच्या गाड्यावर, कॉलेजच्या कट्ट्यावर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर फुटांत आणि इंचांत येतं. हा आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत हाच मान आयर्विन पुलाचा. तिथं इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ वर.

खरं शहाणपण मात्र याच्या पुढचं आहे. नदीकाठच्या जुन्या वस्तीतली माणसं हा आकडा ऐकून सोडून देत नाहीत, तो आपल्या दारापुरता करून घेतात. अमुक फुटाला नाल्याकडची गल्ली जाते, तमुक फुटाला आपली पायरी. त्या हिशेबानं दुकानातला खालच्या फळीवरचा माल वर चढतो, गाड्या चढावरच्या रस्त्याला लागतात. सुतारवाड्यातली कुटुंबं तर जवळपास दरवर्षी सगळ्यांच्या आधी सामान बांधतात.

फुग म्हणजे काय?

‘आमचं घर नदीपासून लांब आहे’ हे वाक्य इथं फारसं कामाचं नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही. ते मागं तुंबतं. याला इकडं ‘फुग’ म्हणतात. हीच फुग शहरात जयंती नाल्यातून उलटी शिरते आणि दसरा चौक, शाहूपुरीसारख्या गजबजलेल्या भागांत पाणी येतं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी इंचाइंचानं उतरतं, त्याचं एक कारण हेच.

जुन्या रेघेचा धोका

आठवण हे मोठं हत्यार आहे, पण ते उलटतंही. २००५ चा पूर अनेकांनी पाहिला होता. पाणी कुठवर आलं, ती खूण भिंतीवर आणि डोक्यात पक्की होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या खुणेच्या भरवशावर बरेच जण घरातच थांबले. ‘त्या वेळी उंबऱ्याला लागलं नाही, आता काय लागतंय?’ त्या वर्षी नदीनं ती खूण मागं टाकली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, सांगलीत ५७ च्या वर. मग एनडीआरएफ आणि नौदलाच्या बोटी बोलवाव्या लागल्या. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. उशिरा निघण्याची किंमत ही अशी असते.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं. या वेळी मात्र प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतली बरीच कुटुंबं जनावरांसह आधीच बाहेर पडली होती. नदी तीच होती, माणसांनी निघायची वेळ बदलली होती.

रूमचे दोन आकडे

नदीकाठच्या शहरात कॉट बेसिसवर किंवा भाड्यानं राहत असाल, तर भाडं आणि वायफायच्या आधी शेजारच्या काकूंना दोन गोष्टी विचारा. २०१९ आणि २०२१ ला या गल्लीत पाणी किती फुटाला आलं? आणि बाहेर पडायचा रस्ता किती फुटाला बंद झाला? दुसरा आकडा बऱ्याचदा पहिल्यापेक्षा लहान असतो. निघायचं ते त्या आकड्याच्या आधी. दाराशी पाणी येईपर्यंत थांबलात, तर पुढचा रस्ता केव्हाच गेलेला असतो.

वरच्या मजल्यावर आहात म्हणूनही निर्धास्त राहू नका. मोठ्या पुरात शहराची पाणी उपसा केंद्रंच बुडतात. मग चहूबाजूंनी पाणी आणि नळ कोरडा! वीज जाते, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो, दूध-पेट्रोलसाठी रांगा लागतात. म्हणून इशारा पातळीलाच पिण्याचं पाणी भरा, पॉवर बँक चार्ज करा, ओरिजनल मार्कशीट वरच्या कप्प्यात हलवा. आणि ‘धरण फुटलं’ असा फॉरवर्ड आला, तर पुढं ढकलण्याआधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाची माहिती बघा.

एकाचा भराव, दुसऱ्याचा पूर

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट एकट्यानं होत नाही. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधली जागा ही नदीची पसरायची जागा. तिथं भराव टाकून कुणी प्लॉट उंच केला, की तो सुटतो. पण तिथं मावणारं पाणी दुसरीकडं सरकतं आणि काल ४५ फुटांना सुरक्षित असलेलं शेजारचं घर उद्या त्याच्या आधीच बुडू शकतं. त्या घरात राहणाऱ्याकडं भराव टाकायला पैसे नसतात. तो फक्त दरवर्षी थोडं लवकर सामान बांधतो.

सामान लवकर बांधणं म्हणजेच जुळवून घेणं, असं समजून चालणार नाही. आपला आकडा पाठ करा, रूमच्या भिंतीवर लिहूनही ठेवा. पण उद्या आर्किटेक्ट व्हाल, सिव्हिल इंजिनिअर व्हाल, नगरसेवकाला मत द्याल, किंवा नुसता फ्लॅट घ्यायला जाल, तेव्हा निळी रेषा कुठून जाते हे आधी विचारा. आणि तिच्या आत नवं काय उभं राहतंय, हेही.