काढ्याची परीक्षा

थंडीतापाने अंग थडथडू लागले की आपल्याकडे म्हातारी माणसे काडेचिराइताचा काढा उकळायला ठेवतात. कधी कधी ताप उतरतोही. पण तो काढ्याने उतरला की आपसूक? हिवताप पुष्कळदा पाळीनेच येतो. एक दिवस ताप, एक दिवस सुटका. तेव्हा रोग्याला बरे वाटले एवढ्यावरून औषध ठरत नाही. मग ते ठरवायचे तरी कसे?

चीनमधली हकीकत ऐका. हिवतापाचे जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले, तेव्हा १९६९ साली बीजिंगच्या तू यूयू या संशोधिकेकडे नवे औषध शोधण्याचे काम आले. त्यांनी जुन्या वैद्यांचे दोन हजारांवर पाठ जमवले, सुमारे दोनशे वनस्पतींचे अर्क काढले आणि हिवतापाची लागण केलेल्या उंदरांना पाजून पाहिले. काही उंदरांना अर्क द्यायचा, काहींना नाही. मग दोघांच्याही रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंतू मोजायचे. उंदराला कुणाची भीड नसते, बरं का!

आपल्या दवण्याच्या कुळातले 'चिंगहाओ' हे झुडूप एकदा गुण दाखवी, पुन्हा पाहावे तर नाही. बाईंनी जुना ग्रंथ परत उघडला. चौथ्या शतकातला गे हाँग सांगतो, झुडूप पाण्यात भिजवून पिळावे आणि तो रस प्यावा. उकळण्याचे नावच नाही! म्हणजे गुण उष्णतेने जात असला पाहिजे. त्यांनी ईथर वापरून मंद उष्णतेवर अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तात एकही जंतू उरू दिला नाही. १९७२ साली बाईंनी व दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला, अपाय नाही हे पाहिले आणि मगच रोग्यांना दिला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध निघाले. २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

कुणी म्हणेल, मग झुडूप परसात लावू आणि पाला पिऊ. तसे करू नका. पाल्यात औषध किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अपुऱ्या मात्रेने ताप उतरेल, पण जंतू राहतील आणि औषधाला निर्ढावतील. म्हणून आज हे औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात. ताप आला की आधी रक्त तपासून घ्या. हिवतापाचा एक प्रकार दिरंगाई केल्यास जिवावर बेततो.

आणि गुरुजी, वर्गात मुलांना एवढे जरूर विचारा: औषध न दिलेले उंदीर कशासाठी ठेवले होते? ज्याला हे उमगले, त्याला परीक्षा म्हणजे काय ते उमगले.